आकोसिताच्या कपाळावरचा उजेड

सोमवार, ११ जुलै २०१६. नेइआफू.
वारा आग्नेयेचा, सकाळी गारठा. सहाच्या मिस्साला गेले. फादरांना खोकला आहे. दुपारी पेलेनातिताने शाळेच्या सभागृहात आपले दिवे उभे केले. मला हात लावू दिला नाही. आकोसिता उद्या नऊ वाजता येणार. पहिले चित्र पडद्यावर बघीन, आवडले नाही तर उठून घरी जाईन, असे तिने दोनदा बजावले आहे. शुक्रवारी तिचे विमान. पांढऱ्या कोंबडीने आज अंडे दिले नाही.

फालाकिकाने वहीत एवढेच लिहिले आणि वही मिटली. शाळेत असताना सिस्टर क्लोतिल्दने मुलींना शिकवले होते, की रोजनिशीत झाले ते लिहावे, वाटले ते देवाला सांगावे. फालाकिकाने हा नियम अठ्ठावन्न वर्षे पाळला होता. झुरळांच्या भीतीने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवलेल्या तिच्या साऱ्या वह्यांत वारा होता, मिस्सा होता, कोण आले, कोण गेले, काय शिजले ते होते. त्या सोमवारी तिच्या हातांना कशी खाज सुटली होती, ते मात्र नव्हते.

खाज सुटली ती पेलेनातिताचे दिवे बघून. दोन काळे खांब, त्यांच्या टोकाला पाटीएवढ्या चौकटी, आणि त्यांतून येणारा तो टोचरा पांढरा उजेड. फालाकिकाने त्यापुढे आपला पंजा धरून पाहिला. भिंतीवर पंजाची सावली सुरीने कापल्यासारखी पडली. ती एवढेच म्हणाली, "पेले, ह्याच्यापुढे एखादी चादर धरली तर?"

"आई, तू बस बरं," पेले म्हणाली. "ऑकलंडला मी लग्नंच्या लग्नं काढते ह्या दिव्यांवर."

पेले ही फालाकिकाच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आईची बहीण ती आईच, म्हणून पेले तिला आई म्हणे आणि अगंतुगं करी. आकोसिता मात्र पेलेच्या वडिलांची बहीण, म्हणजे आत्या. आणि आत्येचा मान टोंगात सगळ्या घराच्या वर असतो. भावाच्या मुलांनी आत्येला उलट बोलायचे नाही, तिच्यापेक्षा उंच बसायचे नाही आणि तिच्या डोक्याला तर कधीच हात लावायचा नाही. हे सगळे पेलेला ठाऊक होते. पण ती नवव्या वर्षी ऑकलंडला गेली, आणि ठाऊक असणे नि अंगात असणे ह्यांत जेवढे अंतर असते तेवढे तिच्यात राहून गेले होते.

चित्रीकरण होते ते नाचाचे. आकोसिताच्या आईने १९५७ साली सिस्टरांच्या शाळेतल्या मुलींसाठी बसून करायचा एक नाच बांधला होता. चौदा कडवी, आणि प्रत्येक कडव्याला हातांची वेगळी चाल. त्या वेळी नाचलेल्या मुलींपैकी चौदाच्या चौदा कडवी हातांत राहिलेली आकोसिता एकटीच. सप्टेंबरात शाळेचा मोठा उत्सव होता आणि आताच्या मुलींना तोच नाच करायचा होता. पण आकोसिताचे गुडघे गेले होते, मुलगा तिला ऑकलंडला घेऊन चालला होता, आणि परत कधी येणार हे तिचे तिलाही सांगता येत नव्हते. मुली शिकणार त्या चित्रफितीवरूनच. फीत झाली नाही, तर नाच आकोसिताबरोबर विमानात बसून जाणार होता.

आणि आकोसिताचे कॅमेऱ्याशी वाकडे होते. चार वर्षांपूर्वी बाहेरून कोणी मंडळी प्रवासाचा कार्यक्रम करायला आली होती. त्यांनी तिच्या तोंडावर असाच एक दिवा मारला होता. कार्यक्रम लागला तेव्हा सगळे गोत टीव्हीपुढे जमले. पडद्यावर आकोसिताचे कपाळ भर दुपारच्या पत्र्यासारखे तळपत होते, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे होते, आणि बाकी चेहऱ्याचा पत्ता नव्हता. पुतणे, भाचे पोट धरून हसले. सर्वांत मोठ्याने आकोसिताच हसली. पण त्या दिवसापासून लग्नाच्या फोटोतही ती एखादी जाड नातेवाईक शोधून तिच्या मागे उभी राहू लागली.

मंगळवारी सकाळी फालाकिका सभागृहात पोचली तेव्हा मागच्या व्हरांड्यात बायकांचे काम चालू होते. तुतीची साल ठोकून तिचे कापड करायचे, ते वाळवायचे, मग पट्ट्याला पट्टा चिकटवायचा. म्होरक्या होत्या कालोलाइने. अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम. पेलेने त्यांना विनवले, "मामी, तासभर ठोकाठोकी थांबवाल का? आवाज येतो."

"थांबवू की," कालोलाइने म्हणाल्या. "पण मग आम्ही बघायला येणार. नुसतं बसून काय करायचं?"

तेवढ्यात आकोसिता आली. कमरेला बारीक विणीची चटई, केसांत लाल फुले, पायात बियांचे चाळ, आणि सबंध अंग फुलांच्या वासाच्या खोबरेलाने न्हालेले. खांद्यावरून, दंडावरून, कपाळावरून तेल नुसते ओघळत होते. नाचायचे तर तेल हवेच. कोरड्या अंगाने नाचणारी म्हणजे घरात कोणी विचारत नाही अशी.

"अगं बाई," कालोलाइने ओरडल्या, "एवढ्या तेलात सगळं नेइआफू तळून निघेल!"

"तुझ्या जिभेपासून सुरुवात करू," आकोसिता म्हणाली आणि चटईवर मांडी घालून बसली. बसताना गुडघा कटकन वाजला. "हं. लावा तुमचे दिवे. पण लक्षात आहे ना? आधी मी बघणार."

पेलेने दिवे लावले. फालाकिकाने कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर पाहिले. कपाळावर एक पांढरा ठिपका, दोन्ही गालांवर एकेक, नाकाच्या शेंड्यावर एक. तेच कपाळ, तोच पत्रा. पेलेलाही ते दिसले. तिने आपल्या पेटीतून पावडरचा डबा काढला, कागदी रुमाल काढला, आणि कामाच्या नादात, जसे ऑकलंडच्या नवऱ्यामुलींना करी तसेच, पुढे झाली आणि उभ्याउभ्या आत्येच्या कपाळावर रुमाल टेकवला.

व्हरांड्याच्या दारात कालोलाइनेंच्या हातातला ठोकणा खाली पडला.

आकोसिताने पेलेचा हात बाजूला सारला नाही. ती नुसती उठली. गुडघ्यांमुळे उठायला तिला वेळ लागला. "भावाच्या मुलीने माझ्या डोक्याला हात लावला," ती म्हणाली. "आणि तोही कशाला, तर तेल पुसायला." मग लंगडत लंगडत ती मागच्या व्हरांड्यात निघून गेली.

पेले फालाकिकाकडे वळली. "आई, मी... चमकत होतं म्हणून... मला काही सुचलंच नाही गं. आता त्या जाणार. संपलं सगळं."

"रडू नकोस," फालाकिका म्हणाली. "रडलीस की तुझंही नाक चमकेल. ते दिवे आधी बंद कर आणि मी बोलावीन तेव्हा ये. वाकून ये."

व्हरांड्यात आकोसिता भिंतीला टेकून पायातले चाळ सोडत होती. गाठ घट्ट बसली होती आणि तेलकट बोटांना सापडत नव्हती. "गुडघा जरा उतरला की निघते," ती वर न बघता म्हणाली. "तू समजूत काढायला आली असशील तर परत जा."

"समजूत कसली? मी बसायला आले. मलाही गुडघे आहेत." फालाकिका तिच्या समोर टेकली. आणि मग तिने आकोसिताकडे पाहिले, आणि पाहतच राहिली.

तो व्हरांडा दक्षिणेला होता. टोंगात जुलैचा सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे त्या बाजूला तेव्हा ऊन फिरकत नाही. पलीकडच्या गवतावर मात्र सकाळ लख्ख पडली होती, आणि मध्ये दोरीवर कालोलाइनेंचे सालीचे कापड वाळत होते. अजून रंग न लावलेले, साईसारखे पांढरे, कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ. गवतावरचा आणि आभाळाचा उजेड त्या कापडातून गाळून आकोसिताच्या अंगावर येत होता. तेल होते तेवढेच होते. पण आता तेलात दिवा दिसत नव्हता, सबंध कापड दिसत होते. कानशिलापासून हनुवटीपर्यंत एक लांब, मऊ झळाळी उतरली होती, जशी सकाळच्या बंदरातल्या निवांत पाण्यावर उतरते. डोळ्यांखालचे खड्डे भरून आले होते. ठिपका कुठे नव्हताच.

फालाकिकाला आपला स्टुडिओ आठवला. स्टुडिओ म्हणजे काय, तर एक खोली, दक्षिणेची एक मोठी खिडकी, आणि कॅमेऱ्यामागे तिचा नवरा सोसेफो. वीज नव्हतीच. फोटो सोसेफोचे, असे गाव म्हणे. उजेड फालाकिकाचा, हे सोसेफो म्हणे, पण फक्त घरात. खिडकीवर ती एक मच्छरदाणी लावी, माणसाच्या अगदी जवळ एक जुनी चादर बांबूवर धरी, आणि खाली पांढरी चटई अंथरी, म्हणजे खालूनही थोडा उजेड उसळून हनुवटीखाली शिरे. कापड जेवढे मोठे आणि जेवढे जवळ, तेवढा चेहरा निवतो, हे तिला कोणी शिकवले नव्हते. एकदा एक सरदार फोटोला बसला. त्याला मान डावीकडे करा म्हणायची कोणाची छाती! सोसेफो काळ्या फडक्याखाली घामाघूम. तेव्हा फालाकिका चादरीचा बांबू घेऊन गुडघ्यांवर सरदाराभोवती सरकत राहिली, आणि नाकाची सावली जागेवर पडली तिथे थांबली. त्यानंतर तिने कोणालाच हल म्हटले नाही. माणूस बसला तसा बसू द्यायचा, हलवायचा तो उजेड. आठ वर्षांपूर्वी सोसेफो गेला, लोकांच्या खिशात फोन आले, आणि खिडकी बंद झाली.

आता तिने दारात उभ्या असलेल्या कालोलाइनेंना डोळ्याने खुणावले. "चहा आणा हो आकोसिताला. आणि सकाळचे तळलेले गोळे असतील तर तेही. उपाशीपोटी भांडण नको."

आकोसिताने चाळ सोडायचे सोडून चहा घेतला. गोड गोळ्यांना ती कधी नाही म्हणत नसे. ती खात असताना फालाकिका कालोलाइनेंच्या कानाशी लागली. "ते कापड अजून चार हात आत घ्या. दुसरा पट्टाही त्याला जोडून टांगा. आणि ती नवी पांढरी चटई इकडे."

"अगं, नातीच्या लग्नाचं कापड आहे ते! काही लागलं म्हणजे?"

"उजेड लागेल फक्त."

कालोलाइने तोंडाने कुरकुरत आणि हाताने दोरी ओढत कामाला लागल्या. त्या आणि आणखी एक बाई बांबू धरून उभ्या राहिल्या. कापड आकोसिताच्या डाव्या बाजूने, किंचित पुढून, एवढे जवळ आले की तिने हात लांब केला असता तर लागले असते. फालाकिकाने बसल्याजागीच बोटांनी इशारे केले, अजून, अजून, थोडे वर, बास.

आकोसिता काही आंधळी नव्हती. "माझ्याभोवती हे काय चाललंय?"

"मांडव."

"माझ्या मरणाचा का?"

"लग्नाचा. दुसऱ्या. कोणी मिळतो का बघू ऑकलंडला."

"मेली!" आकोसिता म्हणाली, पण गोळा तोंडात असल्यामुळे तिला नीट चिडता आले नाही.

मग फालाकिकाने पेलेला हाक मारली. पेले कॅमेरा घेऊन कंबरेत वाकून आली, आत्येसमोर खाली बसली, आणि मान खाली घालून तशीच राहिली. आकोसिताने तिच्याकडे पाहिले नाही, पण ऊठ, जा असेही म्हटले नाही.

"कॅमेरा चटईवर टेकव," फालाकिका कुजबुजली. "तिच्या डोळ्यांच्या रेषेत. तुझं डोकं खाली राहू दे. आणि तोंडाने काही सांगायचं नाही."

"मग त्यांना सुरू करा कोण म्हणणार?"

"कोणीच नाही. तू फक्त चालू ठेव."

आणि फालाकिका, वय वर्षे शहात्तर, समोर मांडी घालून त्या नाचाचे पहिले कडवे म्हणू लागली. गात होती बरे, पण हात! उजवा हात पुढे टाकला, मनगट भलतीकडे वळवले, मान नको तिथे कलती केली. १९५७ सालीही ती तिसऱ्या रांगेत होती, ती ह्याच हातांमुळे. पण आजच्याइतकी चूक तिने तेव्हाही केली नव्हती.

आकोसिताने दोन ओळी दम धरला. तिसऱ्या ओळीला चहाचा पेला खाली ठेवला.

"डावा! डावा हात आधी! एकोणसाठ वर्षं झाली, तरी हिचा उजवाच आधी!"

"असा?"

"असा कुठे? तू काय डुकरं हाकते आहेस? हे बघ, असा." आणि तिने दाखवले. डावा हात पाण्यात सोडावा तसा सुटला, मनगट वळले, बोटे एकामागून एक उघडली, मान एवढीशी कलली आणि कडव्याच्या शेवटच्या शब्दावर हलकेच झटका घेऊन सरळ झाली. कापडाचा उजेड तिच्या दंडावरून मनगटापर्यंत आणि परत खांद्यापर्यंत फिरत होता. व्हरांड्यातल्या बायका आपोआप टाळीचा ठेका धरू लागल्या. पहिले कडवे पुरे झाले.

"थांबा," आकोसिता म्हणाली. टाळ्या थांबल्या. "मी म्हातारी झालेय, खुळी नाही झाले. ती पोरगी कधीपासून चित्र काढते आहे. दाखव."

पेलेने फालाकिकाकडे पाहिले. फालाकिकाने मान हलवली. पेलेने कॅमेरा दोन्ही हातांनी, ताटातला नैवेद्य पुढे करावा तसा, वाकून आत्येसमोर धरला.

आकोसिताने चष्मा मागवला. चष्म्यावर तेल होते, तो पुसण्यात वेळ गेला. मग तिने पाहिले. कडवे संपले. "परत," ती म्हणाली. परत पाहिले. फालाकिका तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"तेल दिसतंय," आकोसिता म्हणाली.

कालोलाइनेंनी बांबू न सोडता पडद्याकडे मान लांब केली.

"नीट दिसतंय. माझी आई नाचायची तेव्हा तिच्या कपाळावर असंच दिसायचं." मग तिने चष्मा काढला आणि पेलेकडे पहिल्यांदा सरळ पाहिले. "ते आतले दिवे तुझे आहेत ना? ते बापाला दे. रात्री खडकावर मासे पकडायला बरे पडतील."

कालोलाइने एवढ्या जोरात हसल्या की त्यांच्या हातातला बांबू हलला आणि कापड फडफडले. "उजेड नीट धरा!" आकोसितानेच त्यांना दटावले. "दुसरं कडवं."

मग ती थांबेना. तिसरे, चौथे, पाचवे. सूर्य सरकत होता, गवतावरचे ऊन सरकत होते, आणि फालाकिका कापड दोन बोटे इकडे, चार बोटे तिकडे हलवत होती. आकोसिताला कोणी एकदाही हल म्हटले नाही. आठव्या कडव्यानंतर गुडघ्याने संप केला, तेव्हा नारळाच्या दुधातली कच्ची मासळी आणि उकडलेला सुरण मागवण्यात आला. बाराव्या कडव्याला आकोसिता अडली. हात हवेत राहिले. तिने डोळे मिटले, ओठ हलवले, आणि सगळ्यांना वाटले, गेले. पण तिसऱ्या रांगेतल्या फालाकिकाला हात येत नसले तरी शब्द सगळे पाठ होते. तिने ओळ सांगितली आणि हात पुन्हा चालू लागले.

चौदावे कडवे संपले तेव्हा दोन वाजून गेले होते. पेलेने कॅमेरा बंद केला आणि आत्येपुढे पहिल्यांदा तोंड उघडले. "आत्या, मी सकाळी..."

"गप्प. इकडे ये."

पेले गुडघ्यांवर पुढे सरकली. आकोसिताने तेलाच्या बाटलीतून ओंजळभर तेल घेतले आणि पेलेच्या कपाळाला, गालांना, कानांच्या पाळ्यांना चोळले, थेट केसांत जाईपर्यंत. आत्येला भाचीच्या डोक्याला हात लावता येतो. उलटे चालत नाही, एवढेच.

"आता आमच्यातली दिसतेस," ती म्हणाली. "मघाशी पिठाच्या गोणीतून आल्यासारखी होतीस. बस तिथे, कापडापाशी. फालाकिका, हिचं एक काढ."

"मी? मी कधी कॅमेऱ्याला हात लावलाय? ते सोसेफोचं काम होतं."

"मग लाव आता. उजेड कोणाचा होता, ते आम्हाला काय माहीत नव्हतं?"

फालाकिकाने कापड हातभर जवळ ओढले, कॅमेरा उचलला आणि पेलेने दाखवलेले बटण दाबले. मग कालोलाइने पुढे झाल्या, म्हणाल्या, कापड आमचे, तर आमचे एकेक नको का? आणि तेलाची बाटली हातोहात फिरू लागली.

मंगळवार, १२ जुलै २०१६.
वारा पडला. नाचाची चौदा कडवी झाली, नऊ ते दोन. उजेड दक्षिणेच्या व्हरांड्यात, कापडातून. मधल्या वेळी ढग आला तेव्हा दहा मिनिटे थांबलो. बायकांचे अकरा फोटो, त्यांत कालोलाइनेंचे चार. नीरफणसाच्या झाडाखाली दोन फळे पडली होती. एक डुकरिणीने खाल्ले, दुसरे उद्या भाजायचे आहे.